तंत्रशिक्षकांची संघटना आणि वर्धा जिल्हा

प्राथमिक शाळेत शिकवू इच्छिणाऱ्यास अध्यापन पदविका घ्यावी लागते. माध्यमिक शाळेसाठी बी. एड. आवश्यक असते. अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा तंत्रनिकेतनात मात्र पदवी अथवा पदव्युत्तर पदवी हाती पडताच तरुण अध्यापक थेट फळ्यापुढे उभा राहतो, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. तुळईवरील भार कसा काढावा हे त्याला उत्तम येते. तो कसा शिकवावा हे त्याला कोणी शिकविलेले नसते. समोरच्या बाकांवर देवळी, आर्वी, हिंगणघाट, समुद्रपूर अशा भागांतून आलेली मुले असतात. त्यांतील कितीतरी जणांचे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठीतून झालेले असते, आणि पुस्तक असते इंग्रजी. ही दरी भरून काढण्याचे काम शेवटी अध्यापकालाच करावे लागते. ते त्याने एकट्याने करावे, की समव्यवसायी मंडळींच्या साहाय्याने, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. या ठिकाणी तंत्रशिक्षकांच्या व्यावसायिक संघटनेचा संबंध येतो.

अभियंत्यांच्या संघटना आपल्याला परिचित आहेत. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही संस्था 1920 साली स्थापन झाली. परंतु पूल बांधणारा आणि पूल बांधण्याचे शास्त्र शिकविणारा यांच्या अडचणी एक नव्हेत, हे ओळखून शिक्षकांसाठी वेगळे व्यासपीठ निर्माण व्हावे लागले. अमेरिकेत अशी संस्था 1893 साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने उदयास आली. भारतात 1941 साली तांत्रिक संस्थांच्या प्राचार्यांनी आपली संघटना काढली. त्या वेळी अशा संस्थाच मोजक्या, तेव्हा प्राचार्यांपुरती संघटना पुरेशी वाटली असावी. स्वातंत्र्यानंतर महाविद्यालये आणि तंत्रनिकेतने वाढली आणि 1968 साली या संघटनेचे रूपांतर ‘इंडियन सोसायटी फॉर टेक्निकल एज्युकेशन’ या संस्थेत झाले. प्राचार्यांबरोबर सामान्य अध्यापकालाही तिचे दार उघडले, ही त्या बदलातील खरी महत्त्वाची गोष्ट होय. संस्थेचे मुख्यालय नवी दिल्लीत भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या आवारात आहे. महाराष्ट्र व गोवा मिळून तिचा एक विभाग आहे.

सभासदत्व म्हणजे काय?

अध्यापकाला एकदाच वर्गणी भरून आजीव सभासद होता येते. महाविद्यालये व तंत्रनिकेतने संस्था-सभासद होऊ शकतात. एखाद्या संस्थेत ठरावीक संख्येने अध्यापक सभासद झाले की तेथे शाखा काढता येते, आणि विद्यार्थ्यांसाठीही निराळी शाखा असते. वार्षिक अधिवेशन, अल्पमुदतीची प्रशिक्षणे, उत्तम अध्यापकांना पुरस्कार, संस्थेचे नियतकालिक असे कार्याचे स्वरूप आहे.

तथापि वर्गणी भरली, प्रमाणपत्र चौकटीत बसवून भिंतीवर लावले आणि बायोडाटामध्ये एक ओळ वाढविली, एवढ्यावरच पुष्कळांचे सभासदत्व संपते. संस्थांच्या तपासणीच्या वेळी शाखेचा फलक पुसला जातो, उद्घाटनाची छायाचित्रे काढली जातात, आणि पुढे वर्षभर शाखेची एकही बैठक होत नाही. असे सभासदत्व घेतले काय आणि न घेतले काय, वर्गातील मुलाला त्याचा काहीच लाभ नाही.

सहभाग म्हणजे काय, याचे एक चांगले उदाहरण 2009 नंतरच्या कार्यशाळांत पाहावयास मिळाले. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने केंद्र शासनाच्या राष्ट्रीय अभियानातून आणि या संस्थेच्या सहकार्याने देशभरच्या अभियांत्रिकी अध्यापकांसाठी दोन दोन आठवड्यांच्या कार्यशाळा घेतल्या. प्रा. दीपक फाटक यांचा त्यात पुढाकार होता. व्याख्याने पवईहून होत, आणि ठिकठिकाणच्या महाविद्यालयांत उघडलेल्या दूरस्थ केंद्रांवर अध्यापक ती पडद्यावर पाहत, ऐकत व प्रश्न विचारीत. त्या केंद्रांचे समन्वयक आधी पवईला जाऊन तयारी करून आलेले असत आणि प्रयोगशाळेचे काम ते आपापल्या केंद्रावर करवून घेत. पुढे या उपक्रमाने दहा हजार शिक्षकांचे उद्दिष्ट समोर ठेवले. समन्वयकाची जबाबदारी घेणारा अध्यापक या सर्वांत अधिक शिकला असेल, यात शंका नाही. कारण आपल्याच व्यवसायातील बांधवांना शिकविताना शब्द तोलून वापरावे लागतात.

लहान जिल्ह्यातील अध्यापकाला असे काम जमेल काय, अशी शंका काही जण घेतात. त्यांनी सांगली जिल्ह्यातील राजारामनगरकडे पाहावे. तेथील राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हे ग्रामीण भागातील महाविद्यालय 1983 साली निघाले. आज अभियांत्रिकी शिक्षणाच्या पद्धतींविषयीचे एक इंग्रजी संशोधन नियतकालिक तेथून प्रसिद्ध होते आणि देशभरचे अध्यापक आपल्या वर्गातील प्रयोग त्यात मांडतात. त्याच 1983 साली राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांचे पर्व सुरू झाले आणि वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम येथे बापूराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. वर्धा शहरात शिक्षा मंडळाचे बजाज इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी 2017 साली सुरू झाले. हे मंडळ स्वतः 1914 चे. आर्वीला शासकीय तंत्रनिकेतन आहे.

वर्ध्याचे वेगळेपण

शिक्षकांनी एकत्र बसून शिकविण्याच्या पद्धतीचा विचार करावा, ही कल्पना वर्ध्याला नवी नाही. दि. 22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली येथे शिक्षण परिषद भरली. हस्तव्यवसायाच्या द्वारे शिक्षण हा तिचा गाभा होता. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याचा आराखडा तयार केला आणि सेवाग्रामला नयी तालीमचे कार्य उभे राहिले. हात आणि बुद्धी यांची फारकत करू नये, हा त्या परिषदेतील विचार अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेला जितका लागू पडतो तितका क्वचितच दुसऱ्या ठिकाणी पडत असेल.

शिवाय प्रयोगासाठी लागणारी सामग्री हाकेच्या अंतरावर आहे. 1934 साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे कार्य मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांनी चालविले. वनस्पती तेलावर जळणारा ‘मगन दीप’ हा कंदील तेथलाच. मगन संग्रहालय 1938 साली उघडले. मगनवाडीतच आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था काम करते, तर दत्तपूरचे ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र देवेंद्रकुमार यांनी 1976 साली सुरू केले. यंत्रशास्त्राच्या अध्यापकाने कंदिलात तेल वातीपर्यंत कसे चढते हा प्रश्न घेऊन एक तास मगन संग्रहालयात घेतला, तो कसा झाला हे लिहून काढले आणि संघटनेच्या अधिवेशनात वाचले, तर चार जिल्ह्यांतील अध्यापक तो उचलतील. सभासदत्वाचा याहून चांगला उपयोग सांगता येणार नाही. मराठीतून अभियांत्रिकी शिकविण्याबाबतही हेच म्हणता येईल. 2021 पासून मराठी माध्यमाची वाट मोकळी झाली, अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने पुस्तकेही उपलब्ध केली. पण वर्गात कोणता शब्द मुलांना पटकन कळतो, हे पुस्तक सांगणार नाही. ते एकमेकांना शिक्षकांनीच सांगावयाचे आहे.

या परिषदेने नव्या अध्यापकांसाठी प्रशिक्षणक्रमही आखला आहे. भोपाळची तंत्रशिक्षक प्रशिक्षण संस्था तर 1965 पासून पश्चिम भारतातील अध्यापकांसाठी काम करीत आहे. या शासकीय सोयी आवश्यकच आहेत. मात्र प्रशिक्षण संपवून परतल्यावर, एखादा प्रयोग फसला तर तो कोणाजवळ बोलावा, ही गरज आदेशाने भागत नाही. जवळच्या महाविद्यालयातील समविषयी अध्यापकांची महिन्यातून एक बैठक ती भागवू शकते, आणि शाखेला पहिले काम म्हणून हेच हाती घेता येईल.

पंचायत सदस्यांचा या सर्वाशी संबंध काय, असे कोणी विचारील. उन्नत भारत अभियानात 2014 पासून उच्च शिक्षण संस्था गावे निवडून तेथील प्रश्नांवर काम करतात. विद्यार्थी सर्वेक्षणासाठी येतात, प्रश्नावली भरतात आणि बहुधा पुन्हा दिसत नाहीत, अशी गावकऱ्यांची तक्रार असते. ती निराधार नाही. ग्रामपंचायतीने अशा वेळी एकच नेमके काम सुचवावे: पाणीपुरवठ्याच्या पंपाचा वीजखर्च का वाढतो, सांडपाण्याची नाली कोठे तुंबते, शाळेच्या छपरावरील पावसाचे पाणी किती साठविता येईल. असे पत्र प्राचार्यांच्या नावे द्यावे, त्याची प्रत संघटनेच्या शाखेच्या समन्वयकाला द्यावी, आणि सत्र संपण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी आपले उत्तर ग्रामसभेत मराठीतून मांडावे, अशी अट त्यात घालावी.