रंग जन्माचा की उन्हाचा

जालन्यात बियाणे कंपन्यांच्या तपासणी प्लॉटवर कपाशी पाहायची तर सकाळी जावं लागतं. नुकतं उमललेलं फूल मलईच्या रंगाचं असतं, संध्याकाळपर्यंत ते गुलाबी होतं आणि दुसऱ्या दिवशी लालसर होऊन मिटतं. एकाच ओळीत पांढरी आणि गुलाबी फुलं दिसली, तेव्हा मी भेसळीबद्दल विचारलं. "कालचं फूल हाये ते, सर," एवढं बोलून प्लॉटवरची बाई पुढच्या झाडाकडे वळली.

या तपासणीला इथे सगळे 'जीओटी' म्हणतात. शेतकऱ्याच्या सीड प्लॉटवरून आलेल्या बियाण्याचा नमुना पेरायचा, शेजारी खात्रीच्या शुद्ध बियाण्याची ओळ लावायची आणि प्रत्येक झाड त्या ओळीशी ताडून पाहायचं. प्रमाणित संकरित कपाशीत शंभरातली किमान नव्वद झाडं खरी संकरित निघावी लागतात.

१९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली. पुढे १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. दरम्यान १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ हा कपाशीचा पहिला व्यापारी संकर दिला होता. संकराचं बी तयार करायचं म्हणजे एकेका फुलावर हातानं काम. दुपारी उद्या उमलणारी कळी धरायची, अंगठ्याच्या नखानं पाकळ्यांसकट पुंकेसरांची नळी उतरवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल त्या उघड्या कुक्षीवर फिरवायचं. हे बहुतेक बायकाच करतात. दोन-चार पुंकेसर चुकून मागे राहिले, तर फूल स्वतःच्याच परागावर फळतं. त्या बोंडातलं बी निव्वळ आईवर जातं. व्यापारात त्याला 'सेल्फ' म्हणतात, आणि जीओटीत मुख्य शोध त्याचाच असतो.

धारवाडच्या १९७२ च्या वरलक्ष्मी संकरात ही ओळख सोपी होती. आई अमेरिकन कपाशीची, फुलं मलईच्या रंगाची, बिनठिपक्याची. बाप लांब धाग्याच्या बार्बाडेन्स जातीचा, पिवळ्या पाकळीच्या बुडाशी तांबडा ठिपका असलेला. संकराच्या फुलात तो ठिपका उतरतो. फूल हलकेच उघडून आत पाहिलं की निकाल लागला. पण आई-बाप दोन्ही अमेरिकन कपाशीचे असले की नजरेची खरी परीक्षा. मग परागाचा रंग, पानावरची लव, झाडाचा बांधा, असं एकेक पाहत जावं लागतं. त्यातल्या त्यात पानाचा आकार मदतीला येतो. भेंडीसारख्या खोल चिरलेल्या पानाच्या कपाशीचा रुंद पानाच्या कपाशीशी संकर केला, तर पान मधल्याच आकाराचं येतं, म्हणून संकर उघड दिसतो.

हीच विद्या परदेशात बॉल पायथन जातीचे अजगर पाळणारे लोक पिल्लांच्या अंगावरची नक्षी पाहून वापरतात. 'पेस्टल' नावाच्या गुणाची एक प्रत मिळाली की अजगर उजळ पिवळा दिसतो, दोन मिळाल्या की आणखी उजळ. अल्बिनोपण मात्र अप्रभावी. त्याचं जनुक एकाच बाजूनं आलेला अजगर दिसायला नेहमीसारखाच राहतो. तिथे डोळ्यांचं काही चालत नाही. कपाशीतही अप्रभावी गुणांचं तसंच आहे, म्हणून प्रयोगशाळेतली डीएनए चाचणी आता बरीच वापरली जाते. ती हवीच. पण शेकडो झाडांपुढून चालत जाऊन वेगळं झाड हेरणारी नजर मला तेवढीच मोलाची वाटते.

या नजरेची कसोटी लागते ती लाल्यात. थंडी पडली, नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडलं की कपाशीची पानं लाल होतात. काही कपाशी मुळात लालच असतात, त्यांचं खोड, देठ आणि कोवळा शेंडासुद्धा लाल. प्लॉटवरची बाई आधी शेंडा पाहते. तो हिरवा आणि लाली जुन्या पानांपुरती असेल, तर झाड भेसळीत धरत नाही. मग खोड फिरवून सावलीची बाजू बघते, कारण उन्हाची बाजू चांगल्या झाडातही तांबूस होते.

घाईनं चार झाडं जास्त मोजली, तर शेतकऱ्याचा अख्खा लॉट फेल जातो. ज्या पिकावर त्यानं महिनोन्‌महिने मजूर लावून क्रॉसिंग केलं, त्याचा बियाण्याचा भाव हातचा जातो. म्हणून शंकेच्या झाडाला दोरा बांधून ते बोंडं धरेपर्यंत तसंच ठेवतात. बार्बाडेन्सचं रक्त असेल तर बोंड निमुळतं, टोकदार येतं आणि सालीवर बारीक खळगे दिसतात. मी गेलो त्या दिवशी शेवटच्या ओळीत अशी तीन झाडं होती. बाईंनी त्यांचे क्रमांक वहीत लिहिले आणि निकालाचा रकाना कोरा ठेवला.