माप कुणी खाल्ले? कारागिराने नव्हे, वायरिंगने!

आम्ही अकलूजचे कापडवाले. सोलापूरहून टेरी कापडाचे तागे आणतो. मागे एकदा शंभर मीटरची चिठ्ठी असलेल्या ताग्यांत दोन-तीन मीटर कमी भरू लागले. आम्ही कारखानदाराच्या इमानावर शंका घेतली, पेमेंट अडवले. शेवटी दोष निघाला तो वायरिंगचा. कापड मोजण्याच्या मशीनला नवीन ड्राइव्ह बसवला होता आणि काउंटरची वायर मोटारीच्या वायरींसोबत एकाच पाइपातून नेली होती.

ड्राइव्ह म्हणजे मोटारीचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण. ४१५ व्होल्टच्या थ्री फेजचे तो आत सुमारे ५८० व्होल्ट डीसी करतो आणि सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून मोटारीला देतो. त्याचे झटके शेजारच्या बारीक वायरीत उमटतात. काउंटर त्यांनाही कापडाचे माप समजून आकडा वाढवतो.

यावर उपाय दोन. पहिला, आयसोलेशन. काउंटर चालतो २४ व्होल्टवर. त्याच्या आणि ड्राइव्हच्या मध्ये ऑप्टोकपलर घालतात. त्यात एका बाजूला बारीक दिवा, दुसऱ्या बाजूला तो उजेड ओळखणारा भाग. निरोप उजेडाने जातो, करंट जात नाही. मात्र दोन्ही बाजूंना एकच सप्लाय दिला, तर भिंत बांधून दार उघडे ठेवल्यासारखे होते. काउंटरची वायर जाळीची घ्यावी, जाळी एकाच टोकाला अर्थ करावी आणि पाइप वेगळा ठेवावा.

दुसरा, अर्थिंग. आयसोलेशनने मशीन वाचते, अर्थिंगने माणूस वाचतो. एक केले म्हणून दुसरे टळत नाही. ड्राइव्ह, मोटार व मशीनचा सांगाडा जाड वायरने थेट मुख्य अर्थ पट्टीला जोडावा. कारखान्यात न्यूट्रललाच अर्थ समजून जोडणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण. न्यूट्रल तुटला की सगळा सांगाडा जिवंत होतो. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते आणि अर्थिंग कमजोर होते, म्हणून खड्ड्यात पाणी घालावे आणि वर्षातून एकदा अर्थची तपासणी करून घ्यावी.

आणखी एक. मेन स्विच बंद केल्यावरही ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये काही मिनिटे करंट साठून राहतो. पुस्तिकेत दिलेला वेळ थांबल्याशिवाय झाकण उघडू नये.

वायरिंग नव्याने केल्यापासून माप बरोबर येते. अडवलेले पेमेंट आम्ही चुकते केले आणि माफीही मागितली. ताग्यात माप कमी आले, तर कारागिराला बोल लावण्याआधी व्यापारी बंधूंनी त्याच्या मशीनची वायर कुठून गेली आहे ते एकदा पाहावे.