गाडी तीच, रंग निराळा: एका जुन्या बुलेटच्या निमित्ताने

मागच्या व्याख्यानानंतर एक गृहस्थ जिन्यात भेटले आणि म्हणाले, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानवाले घट आणि पट सोडून तिसरं उदाहरणच देत नाही." मडकं नाहीतर कापड! आक्षेप खरा आहे. तीस-पस्तीस वर्षं मी वर्गात मडक्याचा रंग बदलला आणि एकदाही कुंभाराच्या भट्टीपाशी उभा राहिलो नाही. म्हणून आज मोटारसायकल. विषय मात्र तोच राहणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

गाडी आमच्या दादांची. 1968 साली घेतलेली साडेतीनशे सीसीची बुलेट. ही गाडी मूळ इंग्लंडची. 1955 पासून ती मद्रासला जुळवायला आणि पुढे तिथेच बनवायला लागले. काळी टाकी आणि तिच्यावर हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा ही तिची ओळख. दादा गेले, गाडी सांगलीच्या घरात शेडमध्ये उभी राहिली, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शेडमध्ये शिरलं. पाणी उतरलं तेव्हा गाडी टाकीपर्यंत गाळाने लिंपलेली होती. पुतण्या म्हणाला, "काका, करायचीच आता नीट." मला यंत्रातलं फार कळत नाही. इंजिन त्याने मेस्त्रीकडे दिलं. रंगाचं काम मात्र घरी करायचं ठरलं आणि त्यात मी मदतनीस.

रंगकामाची सुरुवात रंगापासून होत नाही, स्क्रूपासून होते. टाकीच्या दोन्ही बाजूंचे मोनोग्राम, गुडघ्याचे रबर, टूलबॉक्सवरची पट्टी, हेडलाइटची रिंग, जे जे वरून लावलेलं आहे ते सगळं आधी निघालं पाहिजे. लोक इथेच आळस करतात. मोनोग्रामच्या कडेने चिकटपट्टी मारतात आणि तसाच फवारा मारतात. दिसायला ठीक दिसतं. पण नवा रंग टाकीवरून मोनोग्रामच्या कडेवर चढतो आणि दोघांमध्ये एक पातळ पूल तयार होतो. गाडीच्या हादऱ्याने तो पूल तडकतो, फटीतून पाणी आत जातं, आणि दोन पावसाळ्यांत मोनोग्रामभोवती रंगाचे पोपडे.

गंजलेला स्क्रू ताकदीने फिरवायचा नाही. गंज सोडवणारं तेल टाकायचं आणि रात्रभर थांबायचं. मग खाचेत बरोबर बसेल असाच स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, वरून हातोडीची हलकी टिचकी द्यायची, आणि आधी थोडं घट्ट करण्याच्या दिशेने फिरवायचं. त्याने गंजाची पकड मोडते. निघालेला प्रत्येक स्क्रू ज्या भोकातला त्या भोकाच्या नावाने लहान पिशवीत ठेवायचा. यामागे निव्वळ टापटीप नाही. टाकीवरची ही भोकं आंधळी असतात, म्हणजे आरपार नसतात. आत जेमतेम काही आटे आणि पलीकडे पेट्रोल. हरवलेल्या स्क्रूऐवजी दोन-तीन मिलिमीटर लांब स्क्रू पिळून बसवला, की तो टाकीच्या पोटात घुसतो.

आता गंमत ऐका. आम्ही सगळे ही गाडी लाल म्हणून ओळखत होतो. गडद, डाळिंबी लाल. पुतण्याचं सगळं बालपण त्या लाल टाकीवर पुढे बसून गेलेलं. उजव्या बाजूचा मोनोग्राम निघाला, मी ओल्या फडक्याने गाळ पुसला, आणि खाली काळा रंग! ताजा, चकचकीत, त्यावर सोनेरी रेघेचं एक टोक. 1984 च्या सुमारास दादांनी गाडी लाल करून घेतली तेव्हा त्या रंगाऱ्याने तोच आळस केला होता. मोनोग्राम न काढता भोवतीने रंग मारला होता. त्या आळसामुळे तळहाताएवढा मूळचा तुकडा पस्तीस वर्षं ना ऊन ना पाऊस बघता तसाच राहिला. जुन्या गाडीचा मूळ रंग जुळवायचा असेल तर तो इथेच शोधायचा. उघड्यावरचा रंग उन्हाने उतरलेला असतो, त्यावरून कधीच जुळवू नये.

वहिनींना बोलावलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, लग्नानंतर मला याच गाडीवरून नरसोबाच्या वाडीला नेलं होतं. ही काळीच होती." त्यांच्या लेखी खरी गाडी काळी. पुतण्याच्या लेखी लाल. आर.सी. पुस्तकात रंग काळा, कारण बदल दादांनी कधी कळवलाच नव्हता. घरात दोन तट पडले. मी काळ्याच्या बाजूने होतो, हेही सांगून टाकतो.

तो वाद जरा बाजूला ठेवून रंग उतरवण्याकडे जाऊ. सगळ्यात आधी टाकी. पेट्रोल काढून टाकलं म्हणजे टाकी रिकामी झाली, असं नाही. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक, कारण आत पेट्रोलची वाफ आणि हवा यांचं मिश्रण असतं. ग्राइंडरची एक ठिणगी पुरते. म्हणून गरम पाणी आणि साबण घालून टाकी पुन्हा पुन्हा खळाळून काढायची, वाळवायची, आणि तरीही तिच्याजवळ ज्योत किंवा ठिणगी आणायची नाही. मग तोंडं बुचांनी बंद. पातळ पत्र्यावर वाळूचा जोरदार मारा करू नये. पत्रा तापून वाकतो, आणि वाळूचा कण आत गेला तर पुढे कार्ब्युरेटरपर्यंत पोचतो. वाळू चेसिस आणि स्टँडसारख्या जाड भागांना ठीक.

टाकीला रसायन बरं. रंग सोडवणारा लेप जाड थराने लावायचा, वरून प्लॅस्टिक झाकायचं, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. रंगाला सुरकुत्या पडल्या की प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडायचं. बंद खोलीत हे करू नका. काही लेपांत मिथिलीन क्लोराईड असतं आणि कोंडलेल्या जागेत त्याच्या वाफेने माणसं दगावलेली आहेत. दुसरा घरगुती उपाय कॉस्टिक सोड्याचा. पोलादी मडगार्डला चालतो, पण अ‍ॅल्युमिनियमला तो अक्षरशः खातो. एखादा मोनोग्राम कशाचा आहे ते माहीत नसेल तर त्याला कॉस्टिकच्या बादलीत टाकू नये. कोमट पाणी, साबण आणि जुना दात घासायचा ब्रश एवढंच त्याचं स्नान. उघडा पडलेला पत्रा पावसाळी हवेत काही तासांत तांबूस दिसायला लागतो. त्यामुळे ज्या दिवशी उतरवला त्याच दिवशी धुऊन, वाळवून पहिला प्रायमर.

इथे आमच्याकडून चूक झाली. चेसिसला पावडर कोटिंग करायचं ठरलं होतं. त्यात कोरडी पावडर विजेच्या भाराने धातूला चिकटवतात आणि 180 ते 200 अंशांच्या भट्टीत भाजतात. वर्कशॉपवाले म्हणाले, टाकीही देऊन टाका, एकाच दरात होईल. आम्ही दिली. टाकी परत आली ती शिवणीपाशी ठिबकतच. दादांनी कधीतरी तिला सोल्डरचा डाख दिलेला होता. कथिल आणि शिशाचं हे नेहमीचं सोल्डर 183 अंशांच्या आसपास वितळायला लागतं. भट्टीत डाख सुटला. त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. चूक निम्मी आमचीच. टाकी पुन्हा उतरवली, पुन्हा डाख, आणि यावेळी साधा फवाऱ्याचा रंग. त्या भट्टीतून काळा तुकडा तेवढा वाचला, कारण मी त्यावर हट्टाने जाड अ‍ॅल्युमिनियमची पट्टी चिकटवली होती. थोडा पिवळसर झाला, पण राहिला.

आणि भट्टी म्हटलं की मला राहवत नाही. वैशेषिकांचा प्रश्न असा होता: कच्चं काळसर मडकं भट्टीत जातं आणि लाल होऊन बाहेर येतं. रंग नेमका कोणाचा बदलला? वैशेषिक म्हणतात, परमाणूंचा. अग्नीच्या आघाताने मडकं पार परमाणूंपर्यंत सुटतं, सुट्या परमाणूंचा जुना रंग जातो, नवा येतो, आणि ते पुन्हा जुळून नवं मडकं होतं. सगळं इतक्या वेगात की आपल्याला दिसत नाही. याला पिलुपाक म्हणतात. पिलु म्हणजे परमाणू. नैयायिक म्हणतात, छे! मडकं सच्छिद्र असतं, अग्नी आत शिरतो आणि अख्ख्या मडक्याचाच रंग बदलतो. हा पिठरपाक, पिठर म्हणजे भांडं. त्यांचा मुख्य पुरावा साधा आहे: बाहेर आल्यावर आपण म्हणतो, "तेच हे मडकं." या ओळखीला प्रत्यभिज्ञा म्हणतात. पिलुपाक मानला तर ही ओळख भ्रम ठरते.

पाश्चात्त्य मंडळी अशा वेळी थीसियसचं जहाज काढतात. फळ्या बदलत गेल्या, जहाज तेच का, हा प्लुटार्कने नोंदवलेला वाद. काढलेल्या जुन्या फळ्यांचं दुसरं जहाज बांधलं तर खरं कुठलं, ही भर हॉब्जने सतराव्या शतकात घातली. उदाहरण नामी आहे, पण तिथे भाग बदलतात. आमच्या टाकीचा भाग एकही बदलला नव्हता, फक्त कातडी. म्हणून मला मडकंच जवळचं वाटतं. मात्र नैयायिकांची एक अडचण मला शेडमध्ये बसून कळली, वर्गात कधी जाणवली नव्हती. "तीच ही" असं म्हणणारे दोघे असतील आणि दोघांच्या मनात रंग वेगळे असतील, तर पुरावा कोणाचा घ्यायचा? वहिनींची प्रत्यभिज्ञा काळ्या गाडीला लागते, पुतण्याची लालला. गाडी एकच. मी दोघांना पिठरपाक समजावून सांगायचा प्रयत्न केला. वहिनी चहा टाकायला उठल्या.

असो. पुढचं काम. पत्र्यातले पोचे आधी मागून ठोकून काढायचे, उरलेल्या खळग्यातच लांबी. लांबीने पोचा भरून काढणं म्हणजे खोटं बोलणं. दोन मिलिमीटरच्या वर गेली की हादऱ्याने तडकते. मग प्रायमर, 320 चा वॉटर पेपर, पुन्हा प्रायमर, 600 चा. हात फिरवताना कागद लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळा, नाहीतर बोटांच्या लाटा रंगात उमटतात. रंगांत एनसी स्वस्त आणि सोपा, पण पावसाळी हवेत त्यावर पांढुरकी साय धरते आणि पेट्रोल सांडलं की तो मऊ पडतो. टाकीला पीयू टिकतो. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. तोंडाला रुमाल बांधून पीयू मारणारी मुलं मी पाहिली आहेत. रुमालाने ते अडत नाही. एकदा त्याचा दमा जडला की माणसाला तो धंदाच सोडावा लागतो. योग्य मास्क नसेल तर पीयू बाहेरून मारून घ्या, अशा ठिकाणी जिथे मारणाऱ्याकडे मास्क आहे.

चेसिसवरचा नंबर विसरू नका. पावडरचा जाड थर कोरलेल्या आकड्यांत भरतो, आणि आर.टी.ओ.ला तपासणीत नंबर वाचता आला पाहिजे, पेन्सिलने त्याचा ठसा उठला पाहिजे. नंतर तिथे घासत बसलात तर खाडाखोड केल्यासारखं दिसतं. कोटिंगच्या आधीच तेवढी जागा झाका.

रंग लागल्यावर मोनोग्राम लावायची घाई सगळ्यांना होते. पंधरा दिवस थांबा. वरून सुकलेला रंग आतून मऊ असतो आणि मोनोग्राम त्यात रुततो. आधी भोकांतले आटे टॅप फिरवून साफ करायचे, कारण तिथे रंग साचलेला असतो. मोनोग्रामच्या खाली त्याच आकाराचा पातळ रबर किंवा जाड कागद कापून ठेवायचा, स्क्रूला ग्रीसचं बोट लावायचं, दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे, आणि हाताला पुरे वाटलं की थांबायचं. आणखी एक: सगळं जोडून झालं आणि हॉर्न वाजेना, दिवा लागेना, तर बॅटरीला शिव्या देऊ नका. जुन्या गाड्यांत विजेची परतीची वाट चेसिसमधूनच असते. नव्या कोटिंगने ती अडलेली असते. अर्थिंगच्या बोल्टखाली रुपयाएवढी जागा खरवडली की काम होतं. आमचा त्यात एक अख्खा रविवार गेला.

प्रश्नोत्तरांत पहिला प्रश्न येणारच आहे, म्हणून आत्ताच सांगतो. गाडी लाल झाली. गाडी पुतण्याच्या नावावर, चालवणार तो, मी हरलो. त्याने आर.टी.ओ.त रंगबदलाचा अर्ज केला आहे. सोनेरी रेघा मिरजेच्या एका पेंटरकाकांनी लांब केसांच्या ब्रशने एका दमात ओढल्या, श्वास रोखून. उजव्या मोनोग्रामखालचा काळा तुकडा तसाच आहे. त्याच्या कडेला नवा रंग मोनोग्रामच्या आत जेमतेम चार मिलिमीटर येऊन थांबतो, गंज शिरू नये म्हणून वर मेणाचा हात दिलाय, आणि मोनोग्राम वहिनींनी स्वतः बसवला. दुसरा स्क्रू जरा जास्तच आवळला त्यांनी.