कंसातला हशा

अमेरिकन विनोदवीर जॉर्ज कार्लिनच्या वारसांनी लावलेला खटला २०२४मध्ये तडजोडीने मिटला, ही बातमी अनेकांनी वाचली असेल. २००८ साली वारलेल्या या माणसाच्या आवाजात त्या वर्षी जानेवारीत तासाभराचा ‘नवा’ कार्यक्रम आला. त्याच्या सगळ्या रेकॉर्डी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला ऐकवल्या आणि यंत्राने हे रचलं, असं दोघा पॉडकास्टवाल्यांनी सांगितलं. वारस कोर्टात गेले, तेव्हा पॉडकास्टवाल्यांच्याच बाजूने खुलासा आला की संहिता यंत्राने लिहिलीच नव्हती, दोघांपैकी एकाने लिहिली होती! शेवटी तो कार्यक्रम कायमचा काढून टाकण्याचं कबूल झालं. स्वामित्वहक्काचा कीस वकील मंडळी काढतीलच. मी अडखळलो तो ‘सगळ्या रेकॉर्डी’ या शब्दांपाशी. त्या सगळ्यांची बेरीज केली तर नेमका कोणता कार्लिन हाती लागणार होता?

अशा रेकॉर्डी वीसेक आहेत. १९६३ सालची पहिली जॅक बर्न्सच्या जोडीने केलेली. वेष्टनावर प्लेबॉय क्लबचं नाव, प्रत्यक्षात ध्वनिमुद्रण तीन वर्षं आधीचं आणि हॉलिवूडच्या कॉस्मो ॲलीतलं. म्हणजे सुरुवातच थापेने. १९६७ची ‘टेक-ऑफ्स अँड पुट-ऑन्स’ ऐका: बातम्या, हवामान, जाहिराती यांच्या नकला करणारा, सुटाबुटातला, टीव्हीवाल्यांचा लाडका गुणी मुलगा.

आणि मग १९७२ची ‘एफएम अँड एएम’. स्वतःच्या फुटीचा असा चोख पंचनामा दुसऱ्या कुठल्या विनोदवीराने केल्याचं मला आठवत नाही. त्या काळी अमेरिकेत एएम रेडिओ म्हणजे हिट गाणी आणि जाहिरातींचा मारा, तर एफएम केस वाढवलेल्या पोरांचं. पहिल्या बाजूला नवा कार्लिन केसांवर, नशेवर, संततिनियमनावर बोलतो. तबकडी उलटली की अकराच्या बातम्या नि टीव्हीवरच्या खेळांच्या नकला करणारा जुना कार्लिन. जुन्याला हाकलून दिलेलं नाही, नुसतं मागच्या बाजूला बसवलंय. या रेकॉर्डला ग्रॅमी मिळालं.

त्याच वर्षीच्या ‘क्लास क्लाउन’मधले टीव्हीवर वर्ज्य असलेले सात शब्द इतके गाजले आहेत की ते पुराण इथे पुन्हा लावत नाही. ते शब्द मंचावर उच्चारल्याबद्दल त्याला मिलवॉकीत अटक झाली, न्यायाधीशाने प्रकरण निकालात काढलं. मला सांगायचंय ते पुढच्या वर्षीच्या ‘ऑक्युपेशन: फूल’बद्दल. त्यातला याच विषयावरचा भाग न्यूयॉर्कच्या डब्ल्यूबीएआय या रेडिओ केंद्राने ३० ऑक्टोबर १९७३ला भर दुपारी लावला. मुलाला घेऊन मोटारीतून चाललेल्या एका गृहस्थांच्या कानावर तो पडला, त्यांनी तक्रार केली आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात पोचलं. १९७८मध्ये निकाल पाच विरुद्ध चार मतांनी केंद्राच्या विरोधात गेला. गंमत पुढेच आहे. निकालपत्राला परिशिष्ट म्हणून ते अख्खं स्वगत शब्दशः जोडलेलं आहे, आणि लोक जिथे हसले तिथे कंसात तशी नोंद आहे. आपल्याकडे पुढाऱ्यांच्या भाषणांच्या वृत्तांतात ‘(हशा)’ छापतात ना, अगदी तसं. जे शब्द लोकांच्या कानी पडू नयेत म्हणून एवढा खटाटोप केला, ते सरकारदरबारी हशासकट कायमचे जपून ठेवले गेले.

तो कंसातला हशाच मला या सगळ्या रेकॉर्डींचा खरा ऐवज वाटतो. सत्तरच्या दशकात तो पोरासोरांचा, वर्गात मागच्या बाकावरून फुटावा तसा. मधली काही वर्षं कोकेन, १९७८चा हृदयविकाराचा झटका यांत गेली. त्या काळातल्या रेकॉर्डी शिस्तीने ऐकाव्या लागतात, एवढंच म्हणतो. १९९२च्या ‘जॅमिंग इन न्यूयॉर्क’मध्ये हसणाऱ्यांचीच गोची होते. पृथ्वी वाचवायला निघालेल्यांना तो सुनावतो की पृथ्वीला काही होत नाही, बोऱ्या वाजणार तो तुमचा. लोक आधी जोरात हसतात, मग जरा चाचपडत. स्वतः कार्लिनलाही हाच कार्यक्रम सर्वांत आवडायचा. नंतरच्या काहींत मात्र विनोद कमी आणि चिडचिड फार. ‘यू आर ऑल डिसीज्ड’ एका बैठकीत ऐकणं मला जमलेलं नाही.

हे सगळं होत गेलं त्यामागे त्याची एक सवय होती. नवा मजकूर गावोगाव फिरून घासायचा, घासून पक्का झाला की ध्वनिमुद्रित करायचा आणि मग टाकून द्यायचा. पुन्हा पाटी कोरी. लुई सी. के. या विनोदवीराने २०१०मध्ये न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत सांगितलेली हकिकत यासंदर्भात ऐकण्यासारखी आहे. पंधरा वर्षं तो तोच एक तास सादर करत होता आणि त्याचा त्यालाच वीट आला होता. एका चिनी हॉटेलातला कार्यक्रम पडल्यावर गाडीत बसून त्याने कार्लिनची सीडी लावली. हा माणूस दरवर्षी सगळं टाकून देतो, हे कळल्यावर त्याला आधी ते वेडेपण वाटलं. करून पाहिल्यावर उमगलं की वरवरचे विनोद संपले की खणावं लागतं, आणि खणल्यावर खाली आपली भीती सापडते. (या गृहस्थाचे स्वतःचे लैंगिक गैरवर्तनाचे प्रताप २०१७ साली चव्हाट्यावर आले, त्याने ते कबूलही केले. साक्षीदार नासका असला तरी ही साक्ष खरी वाटते.)

आपल्याकडे मामला उलटा. पुलंची ‘म्हैस’ लावली की पुढचं वाक्य घरातलं कुणीतरी आधीच म्हणून टाकतं, आणि तरीही सगळे हसतात. त्यात घरोब्याचं सुख आहे, ते मी नाकारणार नाही. कार्लिनच्या श्रोत्यांना मात्र ते सुख त्याने मुद्दाम दिलं नाही. शेवटच्या ‘इट्स बॅड फॉर या’मध्ये मेलेल्या ओळखीच्यांची नावं पत्त्यांच्या वहीतून कधी खोडावीत, याचा तो खल करतो. ध्वनिमुद्रण मार्च २००८चं, जूनमध्ये तोच गेला आणि रेकॉर्ड बाजारात आली जुलैमध्ये.

यंत्राला यातलं काय मिळालं असतं? आवाज मिळाला असता, लकबी मिळाल्या असत्या. पण २०१६ साली बाहेर आलेली एक रेकॉर्ड घ्या. कार्लिनने तेव्हाच्या नव्या कार्यक्रमाला नाव ठेवलं होतं ‘आय काइंडा लाइक इट व्हेन अ लॉट्टा पीपल डाय’, म्हणजे माणसं ढिगाने मेली की मला बरं वाटतं. लास वेगासमध्ये ९ आणि १० सप्टेंबर २००१ला त्याचं ध्वनिमुद्रण झालं. दुसऱ्या सकाळी न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले. नाव बदललं, त्या नावाचा भाग गाळला, आणि नोव्हेंबरमध्ये ‘कम्प्लेंट्स अँड ग्रीव्हन्सेस’ या नावाने कार्यक्रम दाखवला गेला. जुन्या फिती पंधरा वर्षं पडून राहिल्या.

आता त्या ऐकताना कार्लिनकडे लक्षच जात नाही. कान लागतात ते समोरच्या अंधारातल्या लोकांकडे. भूकंप, पूर, आगी, मेलेल्यांचे वाढत जाणारे आकडे, आणि ती माणसं खदाखदा हसतायत.