ब्रह्मगिरीचे थर : नाशिकच्या ज्वालामुखी भूमीतील एक दिवस

कोरियाच्या दक्षिणेकडील जेजू बेटावर उतरणाऱ्या पर्यटकाला ज्वालामुखीची ओळख करून द्यावी लागत नाही, कारण बेटाच्या मधोमध 1,947 मीटर उंचीचा हाल्लासान पर्वत उभा आहे, त्याच्या माथ्यावरील विवरात तळे आहे आणि भोवताली साडेतीनशेहून अधिक लहान ज्वालामुखी टेकड्या विखुरलेल्या आहेत. नाशिकहून पहाटे त्र्यंबकेश्वराकडे निघालेला भाविक त्याहून कितीतरी पटींनी विस्तीर्ण अशा ज्वालामुखी प्रदेशातून जात असतो. तरीही वाटेत कोठेही विवर किंवा शंकू दिसत नसल्याने डोळ्यांसमोरचे डोंगर लाव्हारसाचे आहेत, हे त्याच्या मनात सहसा येत नाही.

हा फरक उद्रेकाच्या प्रकारातून आलेला आहे. जेजूमध्ये गेल्या सुमारे वीस लाख वर्षांत ठरावीक मुखांतून पुनःपुन्हा लाव्हा बाहेर पडला आणि त्या मुखांभोवती साचून पर्वत व टेकड्या तयार झाल्या. तेथील अखेरच्या उद्रेकांच्या नोंदी इ. स. 1002 आणि 1007 या वर्षांच्या आहेत. दख्खनमध्ये सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भूकवचाला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून लाव्हा उसळला, आणि तो पातळ असल्याने एका जागी न साचता दूरवर पसरत गेला. अशा उद्रेकाला भेगी उद्रेक म्हणतात. एक लोट थिजला की काही काळाने त्यावर दुसरा पसरे, आणि अशा शेकडो लोटांच्या थरांतून जो प्रदेश घडला त्याचे आजचे क्षेत्र सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर भरते. जेजूचे क्षेत्र 1,850 चौरस किलोमीटरच्या आसपास आहे.

त्र्यंबकेश्वरचा ब्रह्मगिरी हा स्वतः ज्वालामुखी नव्हे, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. सपाट पसरलेल्या थरांना पावसाने आणि नद्यांनी लाखो वर्षे झिजवले, मधला खडक वाहून गेला आणि जे उरले त्याला ब्रह्मगिरी, अंजनेरी, हरिहर अशी नावे मिळाली. समोरासमोरच्या दोन डोंगरांवर एकाच उंचीला कातळाचे पट्टे दिसतात, कारण हे डोंगर पूर्वी एकाच अखंड पठाराचे भाग होते. पायथ्यापासून माथ्यापर्यंत उभा कडा, मग उतार, मग पुन्हा कडा असा जो क्रम दिसतो, तोही थरांच्या रचनेचाच परिणाम होय. लोटाचा घट्ट, एकजीव भाग सावकाश झिजतो आणि कड्याच्या रूपाने उभा राहतो. वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र झालेला भाग, ज्याला विहिरी खोदणारे लोक मांजऱ्या म्हणतात, लवकर झिजून उतार आणि सपाटी निर्माण करतो. सह्याद्रीतील दुर्गबांधणीने या रचनेचा पुरेपूर उपयोग करून घेतला. कड्याने तटाचे काम केले, सपाटीवर माची वसली, आणि हरिहरावर तर वर जाण्याच्या पायऱ्याच त्या उभ्या कातळात खोदल्या गेल्या.

ब्रह्मगिरी चढताना दोन काळ्या थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पातळ पट्टा आढळला, तर तेथे अवश्य थांबावे. भूशास्त्रज्ञ अशा पट्ट्याला लाल बोल म्हणतात. त्याच्या उत्पत्तीविषयी एकाहून अधिक मते असली, तरी अनेक ठिकाणी तो दोन लोटांमधील विश्रांतीचा पुरावा मानला जातो : पहिला लोट थंड झाला, त्याचा पृष्ठभाग ऊनपावसाने कुजून माती झाली आणि नंतर आलेल्या लाव्ह्याने ती भाजून काढली. हा चिकणमातीसारखा थर पाणी सहजी खाली जाऊ देत नाही, म्हणून वरच्या भेगांमधून मुरलेले पाणी अशा सांध्यांवर आडवे वाहते आणि डोंगराच्या कुशीतून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. जेजूमध्ये पाऊस विपुल असूनही कोवळा, सच्छिद्र खडक पाणी झटकन शोषून घेतो. बारमाही नद्या तेथे जवळपास नाहीत आणि जुनी गावे किनाऱ्यावरच्या झऱ्यांच्या आधाराने वसलेली आहेत. त्र्यंबकच्या जुन्या, घट्ट कातळातून मात्र 1,465 किलोमीटर लांबीची गोदावरी उगम पावते, आणि अरबी समुद्र पश्चिमेला इतका जवळ असतानाही पठाराचा कल पूर्वेकडे असल्याने ती बंगालच्या उपसागराकडे वळते. गोदावरीच्या उगमाचे माहात्म्य सांगणाऱ्या कथा मराठी घराघरांत ठाऊक आहेत. त्यांच्या जोडीने खडकातील पाण्याची ही कथाही मुलांना सांगितली जावी.

परतीच्या वाटेवरील अंजनेरीच्या कातळसड्यांवर पावसाळ्यात अल्पायुषी फुलांचे गालिचे पसरतात. सेरोपेजिया अंजनेरिका या कंदीलपुष्पाच्या जातीला याच डोंगराचे नाव दिलेले आहे. या काळ्या कातळावरील बोटभर मातीत जगणारी ही वनस्पती दुर्मीळ असल्याने तेथे पाऊलही जपून टाकले पाहिजे.

दुपारी त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे पांडवलेण्यांत, जावे. येथील 24 लेण्यांपैकी दहाव्या लेण्यातील शिलालेखांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने लेणे व पाण्याची टाकी खोदविल्याचे आणि भिक्षूंसाठी 3,000 कार्षापणांची कायमची ठेव ठेवल्याचे नमूद आहे. त्यांतील 2,000 कार्षापणे विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक, तर 1,000 दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण या दराने ठेवलेली होती. दोन हजार वर्षांच्या सुमाराचा हा व्यवहार आज अक्षरशः वाचता येतो, याचे श्रेय ज्या एकजीव थरात लेणी कोरली त्या थरालाही दिले पाहिजे, कारण मांजऱ्या खडकात ना इतके सफाईदार छत टिकले असते ना ती अक्षरे.

सच्छिद्र थराचे वैभव पाहायचे तर सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात जावे लागते. लाव्ह्यातील बुडबुड्यांच्या पोकळ्यांमधून पुढे दीर्घकाळ उष्ण खनिजयुक्त पाणी झिरपत राहिले आणि त्यातून स्टिल्बाइटसारखी झिओलाइट खनिजे, शिवाय अॅपोफिलाइट व गारगोटी यांचे स्फटिक वाढले. पांडवलेण्यांजवळच्या खाणीतील स्फटिक जगभरातील संग्राहकांना परिचित आहेत. खाण किंवा विहीर खोदल्याशिवाय हे सौंदर्य उजेडात येत नाही हे खरे. पण खडीसाठी डोंगराचे पायथे फोडत राहण्याचे समर्थन त्यातून होऊ शकत नाही, कारण फुटलेल्या डोंगराबरोबर त्याचे झरेही जातात आणि या भूमीत नवा लाव्हा येऊन ती झीज भरून निघणार नाही.

जेजूतील ज्वालामुखी भूरूपे आणि लाव्हाच्या गुहा 2007 मध्ये जागतिक वारसा ठरल्या. पश्चिम घाटाला तो मान 2012 मध्ये मिळाला, परंतु महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी एवढ्याच स्थळांचा त्यात समावेश झाला. 2025 मध्ये पाचगणी-महाबळेश्वर येथील दख्खनचे थर संभाव्य यादीत आले. हे थर दक्षिणेकडे किंचित कललेले असल्याने महाबळेश्वरला दिसतात ते सर्वांत वरचे, उशिराचे लोट आहेत, तर तळाजवळचे, आधीचे लोट नाशिक जिल्ह्यात उघडे पडलेले आहेत आणि त्यांतील एका थरसमूहाला भूशास्त्राने इगतपुरीचेच नाव दिले आहे. वरच्या लोटांचा वारसा म्हणून विचार होत असताना ज्यांवर ते विसावले आहेत त्या नाशिकच्या थरांचाही प्रस्ताव तयार झाला पाहिजे, आणि तो तयार होईपर्यंत ब्रह्मगिरी-अंजनेरीच्या पायथ्याशी सुरुंगाला जागा असू नये.