लाल रेघ आली म्हणजे शब्द चुकलाच असं नाही

नोकरीचा अर्ज असो, कॉलेजचा प्रोजेक्ट असो की ग्रामपंचायतीला द्यायचं निवेदन, टाइप करताना शब्दांखाली लाल रेघा येतातच. त्यांचं करायचं काय, ते आज बघू.

समजा, आपल्या श्रीपूरचा एक मुलगा साखर कारखान्यात ॲप्रेंटिससाठी अर्ज लिहितोय. ‘मी श्रीपुरात राहतो’ लिहिलं आणि ‘श्रीपुरात’खाली लाल रेघ आली. त्याने ‘श्रीपूरात’ करून पाहिलं, तरी रेघ हटेना. शेवटी वैतागून त्याने चेकिंगच बंद केलं.

खरं तर पहिलाच शब्द बरोबर होता. गावाच्या नावातला ‘पूर’ दीर्घ: श्रीपूर, सोलापूर. ‘ला’, ‘चा’ लावलं तरी दीर्घच: श्रीपूरला, सोलापूरचा. पण ‘त’ किंवा ‘ई’ लागून शब्दाचं रूप बदललं, की ऱ्हस्व: श्रीपुरात, सोलापुरी चादर. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनाच्या नियमांना राज्य सरकारने १९६२ मध्ये मान्यता दिली. १९७२ मध्ये त्यांत भर पडली आणि ते १८ झाले.

मग रेघ का येते? कारण चेकरला मराठी कळत नाही, त्याच्याकडे मुख्यतः शब्दांची यादी असते. आपल्याकडे एका ‘घर’चे घरात, घरातला, घरासमोरच्या असे कितीतरी शब्द होतात. सगळे यादीत कुठून असणार? गावांची आणि माणसांची नावं तर सुटतातच.

याची उलटी बाजू जास्त धोक्याची. ‘शिक्षक दीन’ लिहिलंत, तर रेघ येईलच असं नाही, कारण ‘दीन’ हा खरा शब्द आहे. पण दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे लाचार! हा फरक आपल्यालाच बघावा लागतो.

आता सेटिंग. वर्डमध्ये मजकूर सिलेक्ट करा, ‘रिव्ह्यू’मध्ये ‘लँग्वेज’, मग ‘सेट प्रूफिंग लँग्वेज’, तिथे मराठी निवडा. मराठीची प्रूफिंग टूल्स कॉम्प्युटरवर नसतील तर आधी ती टाकून घ्या. टाइप करताना रेघांचा त्रास होत असेल, तर ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘प्रूफिंग’मध्ये जाऊन ‘चेक स्पेलिंग ॲज यू टाइप’ची टिक काढा. लिहून झालं की एफ-सेव्हन दाबून एकदाच तपासा.

नेहमी लागणारं नाव असेल, तर राइट क्लिक करून ‘ॲड टू डिक्शनरी’. मोबाइलवर जीबोर्डमध्येही ‘पर्सनल डिक्शनरी’ असते. फक्त आधी खात्री करा. चुकीचा शब्द एकदा आत गेला, की त्याच्याखाली पुन्हा रेघ येणार नाही. गेलाच तर ‘प्रूफिंग’मधल्या ‘कस्टम डिक्शनरीज’मधून काढता येतो.

आणि पाठवण्याआधी अर्ज एकदा मोठ्याने वाचा. भेटू पुढच्या भागात!