रुग्णालय की महाविद्यालय?

सप्टेंबर महिना. कपाशी छातीपर्यंत वाढलेली. समजा, घाटंजी तालुक्यातील एक शेतमजूर फवारणी करता करता एकाएकी खाली बसला. बाहुल्या बारीक झालेल्या, तोंडाला लाळ, श्वास कोंडलेला. त्याला कोठे न्यावे?

याचे उत्तर एका साखळीत आहे. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाने तिचा पाया घातला. सपाट प्रदेशात ५,००० वस्तीमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असे प्रमाण आहे. आदिवासी व डोंगराळ भागात ते ३,००० व २०,००० धरतात. त्यावर ग्रामीण रुग्णालय असते. तेथेही उपाय चालेना, तर वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. आपल्या जिल्ह्यात ते म्हणजे यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, स्थापना १९८९.

गंमत पाहा. आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे, ग्रामीण रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचे, महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाचे. परीक्षा व पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची (स्थापना १९९८). शिक्षणाचे नियम दिल्लीच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे. धनी अनेक, रुग्ण मात्र एकच! म्हणून सोबतची संदर्भ चिठ्ठी फार मोलाची. कोणते औषध, किती वाजता दिले, हे तीवरूनच पुढच्या डॉक्टरांना कळते.

महाविद्यालयाचे प्रमुख अधिष्ठाता. प्रत्येक विभागात प्राध्यापक, त्यांचे सहकारी, निवासी डॉक्टर आणि आंतरवासी यांची पथके असतात. रात्री खाटेपाशी जागतो तो बहुधा निवासी डॉक्टर. सकाळच्या फेरीत प्राध्यापक विचारतात, "बाहुल्या बारीक का?" काही कीटकनाशके कोलिनेस्टरेज हे विकर निकामी करतात, मज्जातंतूंचा संदेश थांबतच नाही. अशा वेळी ॲट्रोपीन उपयोगी पडते. उपचार आणि धडा एकाच खाटेपाशी!

२०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली, शेकडो आजारी पडली. अशा वेळी साखळीची प्रत्येक कडी कसाला लागते.

वीज केंद्राकडून गावाकडे वाहते. येथे रुग्ण गावाकडून केंद्राकडे येतो आणि ज्ञान उलट वाहते. साडेचार वर्षांच्या अभ्यासानंतर आंतरवासी वर्षात तरुण डॉक्टर खेड्यातील केंद्रावरही काम करतो.

मित्रांनो, तुमचे उपकेंद्र घरापासून किती दूर आहे? आजच विचारून ठेवा. आणि लक्षात असू द्या: विषबाधा झाल्यास भिजलेले कपडे काढावेत, अंग साबणपाण्याने धुवावे, औषधाचा डबा सोबत न्यावा आणि वेळ न दवडता निघावे.